चौसष्टाव्या मनोऱ्याचे ओझे

मित्रांनो, मी एक म्हातारे, लंगडे खेचर आहे. जातीने मादी, म्हणून बोलते बाईमाणसासारखी. माझा रंग दालचिनीचा. आमच्याकडे दालचिनीला कानेला म्हणतात, तेच माझे नाव पडले. आता माझ्या पाठीवर कुणी ओझे घालत नाही. गवत आहे, सावली आहे, वेळही पुष्कळ आहे. ऐकणार असाल तर माझी हकिकत सांगते.

माझा जन्म कोलंबियाच्या उत्तरेला, पेरिहाच्या डोंगरात, ला पालमिता नावाच्या वाडीत झाला. खेचराचा जन्म म्हणजे दोन घरांचा मामला. आई घोडी, बाप गाढव. माझी आई देल्फिना मानोसाल्वा हिची, आणि बाप तिच्या धाकट्या भावाचा, एलिएसेरचा. दोघांची घरे एकाच उतारावर, मध्ये एक ओढा. देल्फिनाचा नवरा लवकर वारला होता आणि एलिएसेरने लग्नच केले नव्हते, त्यामुळे घरे दोन असली तरी चूल बहुतेक एकच पेटायची. मी जन्मले तेव्हा पिल्लू कुणाचे यावर दोघांनी बराच घोळ घातला. शेवटी ठरले, अर्धी हिची, अर्धी याची. पुढचा भाग कुणाचा आणि मागचा कुणाचा, हे मात्र ठरले नाही, आणि तीच त्यांची जन्मभराची थट्टा झाली. मी कुणाला लाथ मारली की एलिएसेर म्हणे, "तो भाग ताईचा." मी कुणाची टोपी चावली की देल्फिना म्हणे, "तोंड भावाचं आहे."

माझे लहानपण लाडात गेले. देल्फिना मला गुळाचे कोमट पाणी पाजायची. एलिएसेर माझे खूर घासताना माझ्याशी बोलायचा. माणसांशी तो फारसे बोलत नसे. तीन वर्षांची झाल्यावर त्याने माझ्या पाठीवर आधी रिकामे खोगीर ठेवले, मग पाल्याचे पोते, मग अर्धे ओझे. पुरे ओझे चढवायला त्याने दीड वर्ष घेतले. इतर खेचरवाले हसत. तो म्हणे, पाठ एकदा मोडली की शिवता येत नाही.

पुढे बारा वर्षे मी कॉफीची पोती खाली नेली आणि मीठ, पत्रे, खिळे, गॅसच्या टाक्या वर आणल्या. एकदा शाळेचा फळा आणला. एकदा परिचारिकेबरोबर लसींची बर्फपेटी आणली. पूर आलेला ओढा ओलांडूनही त्यातली एकही बाटली फुटली नाही. तेव्हा त्या बाईने साऱ्या वाडीसमोर माझ्या कपाळाचा मुका घेतला. खरे सांगते, त्या आठवड्यात मी जरा ताठ मानेने चालत होते.

मग एके वर्षी, कॉफीची तोडणी संपता संपता, शिरस्त्राणे घातलेली माणसे आली. त्यांच्याबरोबर यादिरा ब्रोचेरो नावाची अभियंता बाई होती. समुद्राकाठची, सावळी, भराभर बोलणारी. तिने शाळेत सगळ्यांना जमवले. मी खिडकीबाहेर बांधलेली होते, त्यामुळे सगळे ऐकले. उत्तरेला ग्वाहिराच्या वाळवंटात वारा कधी थांबत नाही. तिथे मोठमोठ्या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. देशाने ठरवले होते, की कोळसा आणि तेल जाळणे कमी करायचे, वीज वाऱ्याची आणि उन्हाची घ्यायची. त्याची मुदतही बांधून दिली होती. पण ती वीज शहरांपर्यंत न्यायला उंच लोखंडी मनोऱ्यांवरून जाणारी तारांची वाहिनीच नव्हती. यादिरा म्हणाली, पीक पोत्यात भरून तयार आहे आणि बाजाराला जाणारा रस्ताच नाही, असे समजा. कॉफी पिकवणाऱ्या माणसांना हे लगेच कळले.

देल्फिना उठली. आमच्या वाडीत तेव्हा विजेचा एक दिवा नव्हता. तिने विचारले, "ही वीज आमच्याकडे उतरणार का?"

यादिराने शिरस्त्राण काढून हातात घेतले. मग म्हणाली, "नाही, देल्फिनाबाई. या तारांचा दाब फार मोठा असतो. तुमच्या वाडीसाठी वेगळी, लहान वाहिनी लागेल. ती माझ्या हातात नाही. खोटं सांगणार नाही मी."

"म्हणजे वरात आमच्या दारावरून जाणार," देल्फिना म्हणाली, "आणि आम्ही फक्त बाजूला सरून उभं राहायचं."

लोक हसले. पण देल्फिनाचे दुखणे वेगळेच होते. चौसष्टावा मनोरा तिच्या मळ्याच्या वरच्या कड्यावर येणार होता आणि तारा तिच्या कॉफीवरून जाणार होत्या. तारांखाली उंच झाडे चालत नाहीत. तिच्या कॉफीवर सावली धरणारी ग्वामोची झाडे तिने तीस वर्षांपूर्वी स्वतः पाणी वाहून जगवली होती. त्यांतली चाळीस तोडावी लागणार होती. सावली गेली की कॉफीही करपणार.

एलिएसेरला मात्र हे काम हवे होते. मनोऱ्यांपर्यंत रस्ता नव्हता. लोखंड, सिमेंट, वाळू, सगळे खेचरांच्या पाठीवरूनच वर जायचे होते. नुसते काम हवे होते असेही नाही. लहानपणी त्याने एकदा समुद्र पाहिला होता आणि तिथला वारा त्याच्या डोक्यातून कधी गेला नव्हता. तो वारा तारेतून आपल्या डोंगरावरून जाणार, ही गोष्ट त्याला फार मोठी वाटत होती. बहिणीला हे सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. तो एवढेच म्हणाला, की उद्यापासून कानेलाला घेऊन जातो.

"तुझा अर्धा भाग ने," देल्फिना म्हणाली. "माझ्या अर्ध्यावर लोखंड चढणार नाही."

थट्टेचे बोलणे असे भांडणाचे झाले. पुढे तीन आठवडे दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. चुली दोन पेटू लागल्या. मी ओढ्याकाठी बांधलेली राहिले आणि काम नसल्याने चांगली गलेलठ्ठ झाले. पण मला ते गवत गोड लागत नव्हते. सकाळी एक जण येऊन पाणी ठेवून जायचा, संध्याकाळी दुसरी येऊन मीठ ठेवायची, आणि दोघेही वाट वाकडी करून एकमेकांना चुकवत.

ती कोंडी यादिराने फोडली. एके दिवशी ती एकटीच चिखल तुडवत देल्फिनाच्या स्वयंपाकघरात आली. देल्फिनाने पाहुणी म्हणून काळी कॉफी आणि मक्याची अरेपा पुढे ठेवली आणि पुन्हा चुलीकडे वळली. यादिराने ती खाल्ली, मग विचारले, की मला तुमची ग्वामोची झाडे दाखवाल का. दोघी दिवसभर मळ्यात फिरल्या. यादिराने प्रत्येक झाडाची उंची मोजली, शेंगा फोडून आतला पांढरा गोड गर खाल्ला आणि वहीत पुष्कळ काहीतरी लिहिले. दहा दिवसांनी ती परत आली. म्हणाली, चौसष्टावा आणि पासष्टावा मनोरा आणखी नऊ नऊ मीटर उंच केला, तर तारा झाडांच्या पुरेशा वरून जातील. तिच्या वरिष्ठांनी आढेवेढे घेतले होते, पण मान्य केले. चाळीसऐवजी तीनच झाडे जातील, ती मनोऱ्याच्या पायाच्या जागेवरची.

"उंच मनोरा म्हणजे लोखंड जास्त," देल्फिना म्हणाली.

"हो. खेचरांच्या शंभरेक फेऱ्या वाढतील."

देल्फिना बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मी तेव्हा अंगणात तिची सुकत घातलेली कॉफी हुंगत होते. मग तिने घरातून कॉफी तोलायचा लटकता काटा आणला आणि यादिराच्या पुढ्यात ठेवला. माझ्या झाडांसाठी ओझे वाढणार असेल, तर ते या जनावरांच्या पाठीवर किती चढते ते मी बघेन, असे तिने सांगितले. चढावर शंभर किलोंच्या वर एक किलो नाही. यादिराने हातात हात दिला. त्या संध्याकाळी एलिएसेर बहिणीकडे जेवायला आला. काय बोलावे ते दोघांनाही सुचेना, तेव्हा दोघे माझ्याविषयीच बोलले. फार सुटली आहे, असे दोघांचे एकमत झाले.

असे माझे लोखंडाचे दिवस सुरू झाले. सकाळी खालच्या तळावर देल्फिना झाडाला काटा टांगून बसायची. कोनाच्या लोखंडी पट्ट्या, बोल्टांच्या पिशव्या, सिमेंट, सगळे तोलूनच आमच्या पाठीवर चढायचे. फार लांब पट्ट्या दोन खेचरांच्या मध्ये डोलीसारख्या बांधत. पुढे मी, मागे पास्तोरा नावाचे तरणे खेचर. वळणावर पुढच्याने थांबून मागच्याला वळायला जागा द्यावी लागते. पास्तोराला ते मीच शिकवले. कामाचा मुकादम विल्फ्रिदो म्हणून होता. तो सारखे घड्याळ पाहायचा आणि काट्याकडे पाहून दात खायचा. मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या मागे वरच्यांचा तगादा होता. पावसाळ्याआधी मनोरे उभे राहिले नाहीत, तर सगळी वाहिनी वर्षभर मागे पडणार होती.

पाहता पाहता कड्यावर चार पाय उभे राहिले. मग कंबर आली. वर चढलेली माणसे खालून चिमण्यांएवढी दिसायची.

त्यानंतरचा दिवस सांगणे मला जड जाते. देल्फिना दाढ काढायला तालुक्याच्या गावी गेली होती. सकाळीच पश्चिमेला ढग दाटून आले. वर मनोरा अर्धवट होता; आडव्या पट्ट्या बसल्या नव्हत्या. तसाच वाऱ्यात सापडला असता, तर पिळवटून कोसळला असता, आणि तो वाचवायला वर नऊ माणसे पट्ट्यांची वाट पाहत थांबली होती. विल्फ्रिदोने एलिएसेरला गाठले. दीड फेरीचे लोखंड एका फेरीत न्यायला सांगितले. एलिएसेर नाही म्हणाला. तेव्हा मुकादम कधी नव्हे ते हात जोडून बोलला, "फक्त आज. वर माझी माणसं आहेत."

एलिएसेरने ढगांकडे पाहिले, कड्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. मित्रांनो, त्याच वेळी मला समजले. माझ्या पाठीवर दीडशे किलो चढले. माझ्या पोटाखालचा पट्टा, तंग, त्याने दोनदा आवळला.

मी चढले. अर्ध्या वाटेवर दगडाच्या चार उंच पायऱ्या आहेत, एका बाजूला दरी. तीन चढले. चौथीवर पुढचा पाय टेकला आणि ओझे मागे सरकले. गुडघा दगडावर आपटला, काहीतरी आतून तुटले, आणि लोखंड मला दरीकडे ओढू लागले. एलिएसेरने कोयता काढला आणि दोर कापला. मग तंग कापला. आम्ही वाचलो, लोखंड गेले. पट्ट्या एकमेकींवर आपटत खाली जाताना केवढा आवाज झाला. पात्याने त्याचा तळहात उभा चिरला होता. त्याचे त्याला भान नव्हते. माझे डोके मांडीवर घेऊन तो तिथेच बसून राहिला.

वरची माणसे काम सोडून सुखरूप उतरली. वाऱ्याने मनोरा हलवला, पण पाडला नाही. मात्र दरीत गेलेल्या पट्ट्या निकामी झाल्या. प्रत्येक पट्टीचा आकार वेगळा, तिच्यावर तिचा क्रमांक. कारखान्यातून नव्या येईपर्यंत पाच आठवडे गेले. एका फेरीची घाई पाच आठवड्यांना पडली.

दुसऱ्या दिवशी देल्फिना सुजलेला गाल घेऊन परतली. एलिएसेर गोठ्याच्या दारात उभा होता. तिने माझा पाय पाहिला, मग त्याचा बांधलेला हात पाहिला.

"काटा कुठे होता?" तिने विचारले.

"भिंतीवर," तो म्हणाला.

ती तशीच माझ्या पायाशी खाली बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याचे तोंड झाले होते. तिने पाला वाटून माझ्या गुडघ्यावर बांधला. दिवसातून चार वेळा बांधायची. त्याच्याशी अबोला होता, पण गुळाचे पाणी घेऊन येताना त्याच्यासाठी पानात गुंडाळलेली अरेपाही आणायची आणि खांबाजवळ ठेवून जायची. पाचव्या दिवशी विल्फ्रिदो आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, की जनावर आता कामाचे राहिले नाही, खाटकाकडे द्यायचे असेल तर माझ्या ओळखीचा आहे. मदत करायच्या हेतूनेच म्हणाला बिचारा.

"माझा अर्धा भाग विकायचा नाही," देल्फिना म्हणाली.

"माझाही नाही," एलिएसेर म्हणाला.

देल्फिनाने भावाकडे वळून पाहिले. मग म्हणाली, "हात दाखव. चिघळला असेल, मूर्खा." असा त्यांचा अबोला संपला.

यादिराने त्यानंतर नियमच केला. प्रत्येक तळावर काटा टांगला गेला आणि न तोलता एकही खेचर वर जाईना. तोलायचे काम तिने मुद्दाम विल्फ्रिदोकडे दिले. काही दिवसांनी तो मिठाचा एक खडा घेऊन माझ्याकडे आला, मी चाटून संपवेपर्यंत उभा राहिला आणि मग गेला.

पावसाळ्याच्या अगदी तोंडावर मनोरा पुरा झाला तेव्हा मी तो खालूनच पाहिला. मग तारा ओढल्या, मग एके दिवशी तारांतून बारीक गुणगुण सुरू झाली. एलिएसेर मळ्यात कितीतरी वेळ मान वर करून उभा होता. समुद्राचा वारा आला होता. मोठे लोक आले, चौसष्टाव्या मनोऱ्याखाली छायाचित्र काढले गेले. त्यात सगळी शिरस्त्राणे होती, खेचर एकही नव्हते. मग सगळे निघून गेले.

त्यानंतरची वर्षे ओढ्यापलीकडच्या कुरणात गेली. पास्तोरा आता एलिएसेरचे ओझे वाहू लागली होती. तो माझ्यासाठी चारा टाकायचा, पण मागे न बघता जायचा. खूर घासत नसे, बोलत नसे. मला वाटले, कामाची उरले नाही म्हणून विसरला. माझे खूर वाढले, आयाळीत काटे अडकले. शेवटी देल्फिनाने त्याला कुंपणाजवळ अडवले आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "तिचा पाय गेलाय, डोळे नाही. कोण येतं न् कोण तोंड चुकवतं, ते तिला दिसतं."

एलिएसेर कुंपणाशी थांबला. मग म्हणाला, "तो पाय बघवत नाही मला, ताई."

"मग तोंडाकडे बघ."

तो आत आला. बऱ्याच दिवसांनी त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. तळहातावरचा व्रण खरखरीत लागत होता. म्हणजे तो विसरला नव्हता, लाजत होता. माणसे लाजेपोटीही आपल्या जिवलगांना टाकतात, हे मला तेव्हा कळले. त्या दिवशी त्याने माझे चारही खूर घासले आणि पावसापासून कुत्र्यांपर्यंत सगळ्या गावच्या गोष्टी सांगितल्या.

इकडे देल्फिना स्वस्थ बसली नव्हती. आमच्या डोक्यावरून वीज जाते आणि आम्ही मेणबत्त्या लावतो, असे ती दर महिन्याला वाडीच्या वतीने लिहायची. कचेऱ्यांचे पत्ते तिला यादिराने पाठवले होते. सहा वर्षे लिहिले. शेवटी वाडीसाठी लहान वाहिनी मंजूर झाली, आणि तिचे खांब खालच्या रस्त्यावर येऊन पडले. हलके, जोडायचे खांब होते. पण वर न्यायचे खेचरांनीच.

अकरा खेचरे जमली. बहुतेक नवी, तापट, एकमेकांना ढकलणारी. पहिल्याच वळणावर दोन घसरली. नवा मुकादमही घाईतच होता. तेव्हा एलिएसेर कुरणात आला, माझ्या गळ्यात पितळी घंटा बांधली आणि मला, रिकाम्या पाठीने, रांगेच्या अगदी पुढे नेऊन उभे केले. पुढच्या घंटेमागे चालायचे, हे खेचरांच्या रक्तातच असते.

मुकादम म्हणाला, "अहो, ही लंगडी आहे. हिच्या मागे गेलो तर दिवस जाईल."

"जाऊ दे," एलिएसेर म्हणाला. "आज हिच्या चालीनं."

मी निघाले. तीन पाय आणि एक थांबा, तीन पाय आणि एक थांबा. माझ्यामागे अकरा खेचरे, त्यांच्यामागे माणसे, आणि शेवटी देल्फिना काटा खांद्यावर टाकून. दगडी पायऱ्यांशी मी जरा उभी राहिले. माझ्याबरोबर सगळी रांग उभी राहिली. कुणी हाकारले नाही. मग मी चढले, एकेक करून. दिवस खरेच गेला, पण एकही खांब पडला नाही आणि एकाही जनावराचा गुडघा फुटला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुठून तरी डोंगर ओलांडून वीज येते. ती आणणाऱ्यांत माणसे असतात, जनावरे असतात, कुणाची सावली, कुणाची झाडे असतात. वारा फुकट मिळतो, वाट फुकट मिळत नाही. मोठी कामे जरूर करा, लवकरही करा. फक्त किती लवकर, हे ठरवण्याआधी रांगेतल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्याकडे एकदा वळून पाहा.